टिकलीचारा

शरयूबाईंनी तेहतीस वर्षं मुलींच्या शाळेत जीवशास्त्र शिकवलं, आणि त्या तेहतीस वर्षांत डकवीडवर सगळं मिळून त्या दोन तासही बोलल्या नसतील. तो एका गुणाचा प्रश्न होता. पाण्यावर तरंगते, मूळ केसाएवढं, फूल येतं पण दिसत नाही, चला, पुढचा प्रश्न. निवृत्तीनंतर चार वर्षांनी हीच वनस्पती त्यांच्या ग्वाल्हेरच्या खासगी बाजारातल्या घराच्या गच्चीवर चढेल आणि संसारात ढवळाढवळ करेल, असं कोणी म्हटलं असतं, तर त्यांनी त्याला बाकावर उभं केलं असतं.

झालं असं की माघात पुतण्या अंबरीशच्या मेहुणीचं लग्न झाशी रोडवरच्या एका मॅरेज गार्डनमध्ये होतं. गार्डनच्या मागच्या अंगाला एक तळं होतं आणि तळ्यावर हिरवीगार साय धरलेली होती. सगळी मंडळी स्टेजवर फोटोसाठी रांग लावून उभी होती, तेव्हा शरयूबाई पैठणीचा पदर खोचून तळ्याकाठी उकिडव्या बसल्या होत्या. आठवडाभरापूर्वीच त्यांनी फोनवर वाचलं होतं की ही वनस्पती वाळवली तर तिच्यात तुरीच्या डाळीहून जास्त प्रथिनं निघतात, जनावरांना ती चालते, आणि मनासारखं पाणी मिळालं तर दोन-तीन दिवसांत दुप्पट होते. निघताना पाहुण्यांना लाडवांचे डबे वाटले. शरयूबाईंनी आपले लाडू नवऱ्याच्या उपरण्यात बांधले आणि रिकामा डबा तळ्यात बुडवून भरून आणला.

"हे काय आहे?" शरच्चंद्रपंतांनी रिक्षात विचारलं.

"खाद्य."

"कोणाचं?"

या प्रश्नाचं उत्तर शरयूबाईंकडे तेव्हा नव्हतं. पुढे महिनाभरही नव्हतं.

शरच्चंद्रपंत बँकेतून निवृत्त झालेले होते, पण घराणं पुरोहितांचं. लष्कर भागातल्या दहा-बारा मराठी घरांत सत्यनारायण अजून तेच सांगत. कांदा-लसूण चातुर्मासात बंद आणि अंडं बाराही महिने बंद, असा घरचा शिरस्ता. जेवणाबद्दल ते कधी काही बोलत नसत. आमटी कशी झाली विचारलं तर "बरी आहे" म्हणत. ती जळली असली तरी "बरी आहे" आणि लग्नाच्या वाढदिवसाची असली तरी "बरी आहे." असं अडतीस वर्षं चाललं होतं.

गच्चीवर सिमेंटचा एक जुना हौद होता, नळाला दाब असायचा त्या काळातला. शरयूबाईंनी तो घासून घेतला, वीतभर पाणी भरलं आणि त्यात डबा उपडा केला. पाण्याला खत हवं म्हणून शेण कालवून, फडक्यातून गाळून घातलं. पहिल्या वेळी अंदाज चुकला आणि अख्ख्या गल्लीला आपल्या शेजारी गोठा निघाल्याचा भास झाला. समोरच्या घरातल्या बाईंनी वाळत घातलेले पापड मुकाट्याने उचलून नेले. दुसऱ्या वेळी प्रमाण जमलं. मग ती हिरवी साय अशी भराभर पसरायला लागली, की शरयूबाई सकाळी चहाचा कप घेऊन हौदाशी जायच्या आणि कप थंड होईपर्यंत तिथेच उभ्या राहायच्या. तीन आठवड्यांत हौद भरला. आणखी दोन टब आणले, तेही भरले. मग त्या पिठाच्या चाळणीने रोज निम्मं पीक काढायला लागल्या आणि सुपात पसरून सावलीत वाळवायला लागल्या.

लेक तन्वीचा गुडगावहून फोन आला. "आई, बाबा म्हणत होते तू छतावर काई उगवून राहिली आहेस? सच में?"

"काई नाही. शेवाळ नव्हे, फुलझाड आहे."

"पण खाणार कौन?"

पुन्हा तोच प्रश्न. सुपं भरत चालली होती आणि घरात जनावर म्हणाल तर एक पाल होती.

गल्लीच्या टोकाला दूधवाल्याच्या चार म्हशी होत्या. शरयूबाईंनी त्याला बोलावून सगळं समजावलं, प्रथिनांचे आकडेही सांगितले. दूधवाला त्यांच्या शाळेतल्या एका विद्यार्थिनीचा बाप, त्यामुळे त्याने हात जोडून ऐकून घेतलं. कोंड्यात कालवून पहिली पाटी म्हशीपुढे ठेवली गेली. म्हशीने पाटीत तोंड घातलं, एक मोठा फुत्कार टाकला, सगळ्या हिरव्या पानांचा फवारा शरयूबाईंच्या साडीवर उडवला आणि खाली राहिलेला कोंडा चाटूनपुसून खाल्ला.

"बहनजी," दूधवाला नम्रपणे म्हणाला, "ये भैंस है, मेंढक नहीं."

शरयूबाई घरी येऊन साडी झटकत असताना त्यांना सुधाताईंची आठवण झाली.

सुधाताई त्यांच्याच शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. शिट्टी आता गळ्यात नसली तरी आवाजात होती. त्या शिंदे की छावनीत राहत. त्यांच्या यजमानांचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून आलेले, आणि यजमान सूर्याजीराव स्वतःही फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मागच्या अंगणात बारा कोंबड्या होत्या. सूर्याजीराव चाळीस वर्षं रोज सकाळी दोन तळलेली अंडी खात आले होते, आणि पेन्शनीत आल्यावर अंडी विकत घ्यायची हा त्यांना कमीपणा वाटे.

शरयूबाईंनी नेलेल्या डब्यात सुधाताईंनी बोट घातलं आणि वर काढलं. बोटभर हिरवे ठिपके चिकटून आले.

"शरयू, ही तर काई आहे गं."

"काई नाही. ह्याला फूल येतं."

"मग दाखव."

"दिसत नाही डोळ्यांना."

"ह्या तर टिकल्या आहेत," सुधाताई म्हणाल्या, आणि एक ठिपका उचलून त्यांनी आपल्या मनगटावर लावून पाहिला. त्या दिवसापासून त्या चाऱ्याचं नाव टिकल्या पडलं ते पडलंच. "नाल्यातल्या नाहीत ना?"

"छे. नाल्यात जे असेल ते ह्यांच्यात उतरतं. माझ्या गच्चीवरच्या आहेत, स्वच्छ पाण्यातल्या."

टिकल्या परातीत ओतून अंगणात ठेवल्या, तेव्हा कोंबड्या आधी लांब पळाल्या. मग त्यांतली एक मान वाकडी करून पुढे आली, तिने एक टिकली टिपली आणि क्षणभर स्तब्ध राहिली. त्यानंतर जे झालं ते शरयूबाईंना जन्मभर पुरेल असं होतं. बाराच्या बारा कोंबड्या त्या परातीवर तुटून पडल्या आणि दोन मिनिटांत परातीचा तळ दिसायला लागला. शरयूबाईंचे डोळे भरून आले. तेहतीस वर्षांत कुठल्याही वर्गाने त्यांचं शिकवणं असं घेतलं नव्हतं.

पण शरयूबाई नुसत्या खुश होऊन थांबणाऱ्या नव्हत्या. चारा आवडला हे ठीक, पण त्याने फरक काय पडतो? प्रयोग करायचा तर तुलना हवी. त्यांनी अंगणाच्या मधोमध दोन खाटा उभ्या करून, वर जाळी लावून दोन भाग करवले. सहा कोंबड्यांच्या पायात लाल दोरा, तो गट अ. त्यांना नेहमीच्या दाण्यात टिकल्या. सहांच्या पायात निळा दोरा, तो गट ब. त्यांना नुसता दाणा. सूर्याजीरावांना रोज सकाळी दोन्ही गटांचं एकेक अंडं मिळणार, कुठलं कुठल्या गटाचं हे सुधाताई फक्त शरयूबाईंना फोनवर कळवणार, आणि सूर्याजीरावांनी बलकाचा रंग आणि चव यांचा शेरा वहीत लिहायचा. मुदत एकवीस दिवस.

"वहिनी, मला फक्त खायचंय ना?" सूर्याजीरावांनी विचारलं.

"खायचं आणि खरं लिहायचं."

"हुकूम," सूर्याजीराव म्हणाले.

अंडं कसं दिसतं हे शरयूबाईंना आकृतीतून चांगलं माहीत होतं. कवच, दोन पापुद्रे, पांढरा बलक, पिवळा बलक. फळ्यावर त्या ते डोळे मिटून काढत. प्रत्यक्षात त्यांनी ते कधी हातात धरलं नव्हतं, आणि चवीचा तर प्रश्नच नव्हता. प्रयोगाची ही बाजू दुसऱ्यांवर सोपवणं भाग होतं.

चौथ्या दिवशी त्यांचा गुडघा धरला. ताज्या टिकल्या रोज सकाळी छावनीत पोचायला हव्यात आणि गच्चीचा जिना एकदा चढून-उतरून झाल्यावर शरयूबाईंना उंबरठाही ओलांडवेना. शरच्चंद्रपंत रोज सकाळी महाराज बाड्यावर फुलं आणायला स्कूटरने जातच असत.

"मी कोंबड्यांच्या खुराड्यात जाणार नाही," त्यांनी बजावलं.

"फाटकाशी ठेवा आणि या."

ते गेले, फाटकाशी डबा ठेवला आणि आले. पुढचे चार-पाच दिवसही तसेच गेले. मग मात्र त्यांना यायला उशीर व्हायला लागला. बाड्यावर गर्दी होती, फुलवाली आली नव्हती, स्कूटर बंद पडली, अशी कारणं रोज निघत. फुलं कधीकधी कोमेजलेली असत. घरी आल्याबरोबर ते पुन्हा अंघोळीला जात.

"दोनदा अंघोळ कशाला?"

"उकाडा आहे."

चैत्र नुकताच लागला होता, आणि सकाळी अंगावर चादर लागत होती. शिवाय ताटलीतले पोहे अर्धेच संपायला लागले. शरयूबाईंनी दोन दिवस पाहिलं, तिसऱ्या दिवशी ओवा आणि सैंधव पुढे केलं. पंतांनी ते निमूटपणे खाल्लं.

एकवीस दिवस झाले. गुडघाही एव्हाना वळणावर आला होता, म्हणून शरयूबाई रिक्षा करून स्वतःच छावनीत गेल्या. सुधाताईंनी चहा टाकला. सूर्याजीरावांनी वही आणून टेबलावर ठेवली आणि स्वतः खुर्चीत बसण्याऐवजी सावधान उभे राहिले.

शरयूबाईंनी चष्मा लावला. पहिल्या दिवसाचा शेरा होता, "ठीक." दुसऱ्या दिवसाचा, "ठीक." तिसऱ्या दिवसाचा, "आज पण ठीक." असं आठव्या दिवसापर्यंत होतं. नवव्या दिवशी लिहिलं होतं, "हे अंडं आहे का आमरस?"

दहाव्या दिवसापासून अक्षर बदललं होतं.

"गट अज्ञात. पहिल्या अंड्याच्या बलकास जर्द केशरी छटा, झेंडूच्या फुलासारखी. चव गोल आणि स्निग्ध, घशाखाली उतरल्यावरही काही काळ रेंगाळणारी. दुसरे अंडे फिकट, चव साधारण. मीठ किंचित अधिक चालेल."

त्याखाली अकरावा दिवस होता, मग बारावा. रोज चार-पाच ओळी, शुद्धलेखनाची एकही चूक नाही, आणि "केशरी" मधला श पोट फुगवून काढलेला. तो श शरयूबाई अडतीस वर्षं वाण्याच्या यादीत पाहत आल्या होत्या. शेंगदाणे, शाबूदाणा, शिकेकाई.

"हे कोणी लिहिलं?" त्यांनी विचारलं.

"मीच," सूर्याजीराव समोरच्या भिंतीकडे पाहत म्हणाले.

"भावोजी, स्निग्ध म्हणजे काय?"

सूर्याजीरावांनी सुधाताईंकडे पाहिलं. सुधाताई चहाकडे पाठ न करता, पण शरयूबाईंकडेही न बघता, गॅस कमीजास्त करत होत्या. त्यांचे खांदे हलत होते.

"सांगून टाका आता," त्या म्हणाल्या. "फौजेत होते म्हणे. एवढंसं गुपित नाही ठेवता येत."

मग सगळं निघालं. नवव्या दिवशी बलक केशरी निघाला, तेव्हा सूर्याजीरावांनी ताटली बाजूला सारली होती. कोंबड्यांना कावीळ झाली आहे, हे आपण खाणार नाही आणि उद्यापासून ती काईही अंगणात येता कामा नये, असं त्यांनी जाहीर केलं होतं. दहाव्या दिवशी पंत डबा घेऊन फाटकाशी आले ते नेमके त्याच भांडणाच्या मध्यात. सुधाताईंनी त्यांना आत बोलावून सांगितलं, की तुमच्या मित्राची समजूत घाला, नाहीतर शरयूचा प्रयोग आज इथेच बंद पडतो.  पंतांनी उपरणं खुर्चीच्या पाठीवर ठेवलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "द्या इकडे."

"त्यांनी खाल्लं आणि त्यांना काही झालं नाही, मग मीही खायला लागलो," सूर्याजीराव म्हणाले. "पण शेरा तेच लिहितात. मला तेवढं जमत नाही."

शरयूबाईंनी पुढचं पान उलटलं. सतराव्या दिवसापासून एक नवीच ओळ दिसत होती. "आज दोन्ही बलक सारखेच केशरी. फरक आढळला नाही." अठराव्या दिवशी तेच. एकोणिसाव्या दिवशी, "दोन्ही केशरी. ही बाब प्रयोगकर्तीच्या निदर्शनास आणावी असे वाटते, परंतु अडचण आहे."

शरयूबाईंनी वही टेबलावर ठेवली. "गट ब ला टिकल्या कोणी घातल्या?"

सूर्याजीरावांची मान हळूहळू खाली गेली. "त्या पलीकडच्या जाळीतून बघत राहायच्या हो वहिनी. अर्धी पलटण जेवते आहे आणि अर्धी उभी राहून बघते आहे, असं आमच्याकडे कधी झालं नाही. मूठ-मूठ टाकून दिली."

वही पिशवीत घालून परत येताना रिक्षात शरयूबाईंच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम चालल्या होत्या. एकवीस दिवसांचा प्रयोग पाण्यात गेला होता, त्याचं दुःख होतंच. पण ते दुःख दुसऱ्या गोष्टीपुढे टिकेना. नवऱ्याने अंडं खाल्लं याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. जगात कितीतरी लोक खातात. त्यांच्या जिवाला लागला होता तो "स्निग्ध" हा शब्द. अडतीस वर्षं. पुरणपोळ्या, चिंचगुळाची आमटी, अळूची पातळ भाजी, दिवाळीला सहा-सहा जिन्नस. आणि या गृहस्थाचे सगळे शब्द एका कोंबडीने नेले.

घरी पंत देवाचं आटोपून वर्तमानपत्र वाचत होते. शरयूबाईंनी जेवायला वाढलं. पंत जेवायला लागले.

"आमटी कशी झाली आहे?"

"बरी आहे."

"स्निग्ध वगैरे?"

पंतांचा घास हातातच राहिला. त्यांनी ताटाकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं.

"वही वाचलीस."

"वाचली."

"पहिलं अंडं मी तुझ्या प्रयोगासाठी खाल्लं. बंद पडला असता."

"ते कळलं. दुसरं?"

"दुसरं खात्री करायला. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढू नये, तूच म्हणतेस."

"आणि नंतरची वीस-बावीस?"

पंतांनी पाण्याचा घोट घेतला. 

"अडतीस वर्षांत माझ्या आमटीबद्दल तुमच्या तोंडून धड एक वाक्य निघालं नाही," शरयूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, पण शाळेत हाच आवाज ऐकून मुली खिडकीबाहेर बघायचं थांबवत. "आणि तिथे पाच-पाच ओळी. झेंडूच्या फुलासारखी. मला माहीत नव्हतं तुम्हाला एवढं बोलता येतं."

पंत विचारात पडले. विचारलेल्या प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं, या एकाच उद्देशाने ते विचार करत होते, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"आमटीची वही कुठे होती?" ते शेवटी म्हणाले. "तू विचारायचीस तेव्हा मी जेवत असायचो. तोंडात घास आणि समोर तू, मग मला सुचत नाही. तिथे खाऊन झाल्यावर शांतपणे पेन हातात देतात."

शरयूबाईंना यावर रागवायचं होतं. त्यांनी मनाशी वाक्य जुळवलंही. पण ते बाहेर येईपर्यंत त्यांना हसू फुटलं, आणि ठसका लागून डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्या हसत राहिल्या. पंतांनी पाण्याचं भांडं पुढे केलं आणि हसण्यासारखं काय झालं ते न कळल्यामुळे भात कालवायला घेतला.

दुपारी त्या वही घेऊन बसल्या आणि पंतांचे शेरे पहिल्यापासून नीट वाचून काढले. बायको म्हणून नव्हे, शिक्षिका म्हणून. रंगाची तुलना रोज त्याच फुलाशी केलेली होती. शंका असेल तिथे "वाटते" लिहिलं होतं आणि खात्री असेल तिथे "आहे." आपली अडचण झाकण्यासाठी निरीक्षण बदललेलं नव्हतं. तेहतीस वर्षांत त्यांच्या प्रयोगशाळेतून असा विद्यार्थी बाहेर पडला नव्हता.

त्यांनी सुधाताईंना फोन लावला. "प्रयोग पुन्हा करायचा. ब गटाच्या सहा कोंबड्या आपल्या शाळेतल्या शांताताईंच्या अंगणात ठेवू, भावोजींच्या नजरेआड. आणि निरीक्षक दोन राहतील."

"घरी काही म्हणाली नाहीस ना त्यांना?"

"म्हणाले ना मी. त्यांना वही हवी होती."

संध्याकाळी ऊन उतरल्यावर दोघं गच्चीवर गेले. पुढचे तीन महिने ग्वाल्हेरचं ऊन हौदातल्या पाण्याची कढी करणार होतं, म्हणून शरयूबाईंनी दोन जुन्या सुती साड्या जोडून आडोसा शिवला होता. पंतांनी स्टुलावर चढून त्याचे कोपरे बांधले. ब कोपऱ्यापेक्षा अ कोपरा सैल आहे, असं शरयूबाईंनी खालून सांगितलं, तेव्हा त्यांनी कुठला अ आणि कुठला ब हे आधी विचारून घेतलं आणि मग गाठ आवळली.

शरयूबाई चाळणीने टिकल्या काढत होत्या.  हात न थांबवता त्यांनी विचारलं, "खरंच कसं लागतं हो?"

पंत स्टुलावरून उतरले आणि हौदाच्या कठड्यावर बसले. त्यांच्या हातात पेन नव्हतं आणि समोर बायको होती, त्यामुळे सुरुवातीला त्यांना जड गेलं.

"म्हणजे बघ," ते म्हणाले, "आधी काही कळतच नाही." आणि मग ते सांगत राहिले. चाळणी भरली, सूप भरलं, तरी त्यांचं काठाशी बलक कसा घट्ट असतो आणि मधे कसा वाहता, हेच चाललं होतं. शरयूबाईंनी रिकामी चाळणी पुन्हा पाण्यात घातली आणि हळूहळू फिरवत ठेवली.